नानांची परीक्षा

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते धुळ्याचे भूल देणारे डॉक्टर, आमचे नाना. टेबलावरच्या पेशंटच्या मनगटावर दोन बोटं ठेवून ते विचारत, "चाळीसगावले गाडीमा बठना. पुढलं टेसन कोनतं शे, भाऊ?"

पेशंट सुरू करी, "भोरस... जामदा..." धुळ्याच्या अलीकडच्या शिरूडच्या पुढे जागेपणी कुणी पोचल्याचं मी तरी पाहिलं नाही.

मी दोंडाईच्याच्या हमालाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. डॉक्टर झालो तरी पेशंटच्या तोंडावर मास्क धरताना हात कापायचे. नाना म्हणायचे, "कापू दे. ज्याचा कापत नाही, त्याला मी शिकवत नाही."

नव्वदच्या सुमारास जळगावला आम्ही सात जणांनी भूलतज्ज्ञांना प्रमाणपत्र देणारं मंडळ काढलं. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच आहे. पहिला ठराव : संस्थापकांना परीक्षा माफ. दुसरा : बाकी सर्वांना सक्तीची. तिसरा : प्रमाणपत्र नसलेल्याला कुठल्याही दवाखान्याने भूल द्यायला बोलवू नये. मग शेवभाजी आली.

तुम्ही विचाराल, नाना संस्थापकांत कसे नाहीत? आम्ही सातही जण त्यांच्याच हाताखाली शिकलेले. पण बैठकीच्या दिवशी आमच्या अध्यक्षांचा पाचोऱ्याचा पेशंट नाना सांभाळत होते. अध्यक्षांना वेळ नव्हता, ते मंडळ काढत होते.

म्हणून नानांची तीस वर्षांची रोजी परीक्षेवर आली. इस्त्रीचा शर्ट घालून ते एसटीने जळगावला आले. टेबलाच्या पलीकडे आम्ही सात.

अध्यक्षांनी विचारलं, "ऑपरेशन चालू असताना पेशंटचा श्वास थांबला, तर काय कराल?"

नाना म्हणाले, "साहेब, तुमच्या पेशंटचा थांबला तेव्हा तुम्ही मला बोलावलं होतं. आता मी कोणाला बोलवू?"

एक जण हसला आणि लगेच खोकला.

शेरा लिहिला गेला : ज्ञान पुरेसे, नम्रता अपुरी. नापास करण्याच्या बाजूने पाच हात वर गेले. पाचवा माझा. मी अध्यक्षांच्याच दवाखान्यात नोकरीला होतो, आणि मंडळाचा चिटणीसही. त्यामुळे पत्रही मलाच लिहावं लागलं. ते असं :

"आदरणीय नाना,

आपण परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्याचे कळविण्यास मंडळाला खेद होतो. येत्या एक तारखेपासून आपणास कोणत्याही दवाखान्यात भूल देता येणार नाही. सहा महिन्यांनी परीक्षेस पुन्हा बसता येईल.

आपला नम्र,
चिटणीस

ता. क. नाना, हिचं सिझर पाच तारखेला ठरलंय, धुळ्यालाच. मंडळातल्या कुणाच्या हाती तिला द्यायची माझी हिंमत होत नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. तुम्ही याल ना? नोंदवहीत भूल देणाऱ्याच्या जागी मी माझं नाव लिहीन."