अण्णांची सत्काराची शाल

पृथ्वीला ताप आला तो आपल्याच हातून, असं मनापासून मानणारा सबंध बीड जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्कूटर विकली. तेव्हापासून अंबाजोगाईचा बाजार ते पायीच करतात. वाटेत कुणी गाडी थांबवून ‘बसा’ म्हटलं, तर त्यालाच खाली उतरून चालायचा आग्रह करतात. बायकोची, म्हणजे अक्कांची, चूल त्यांनी केव्हाच बंद केली. देवापुढची उदबत्ती अर्धी जळली की विझवतात; उरलेली उद्याला. मी गाडीतून गेलो की स्वागत ठरलेलं, ‘आले का पाव्हणं, धूर घिऊन?’

गावाला लागूनच साखर कारखाना आहे. हंगामात चिमणीची काजळी अंगणभर पडते, पापड-कुरडया काळ्या होतात. अण्णांना मात्र ती चिमणी कधी दिसलीच नाही. धोतरावर काळा कण पडला की ते अक्कांना विचारत, ‘आज काय करपिवलंस?’

त्याच कारखान्यानं यंदाच्या हंगामात ‘पर्यावरणमित्र’ म्हणून अण्णांचा सत्कार केला. पांढरीशुभ्र शाल, श्रीफळ. पाहुणे नऊ गाड्यांतून आले, आणि परतताना उकडू नये म्हणून भाषणं संपेपर्यंत नऊही इंजिनं चालू होती. ‘प्रत्येक जण अण्णांसारखा वागला तर पृथ्वी वाचेल,’ कारखान्याचे साहेब म्हणाले. अण्णांचे डोळे भरून आले. मला हसू आवरेना.

पुढच्याच आठवड्यात अक्कांचा दमा उसळला. गावची एसटी बंद झालेली, म्हणून मीच गाडी काढली. अण्णा तीत चोरासारखे अंग चोरून बसले. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरी चूल पेटवता का?’

‘न्हाई वो,’ अक्का धापा टाकत म्हणाल्या, ‘यांनी उदबत्तीबी कदी पुरती जळू दिली न्हाई.’

‘मग बाहेरचा धूर अडवा.’

अण्णांनी सत्काराची शाल अक्कांच्या खिडकीला बांधली. चार दिवसांनी सोडली, तर आतून पांढरी आणि बाहेरून काळीकुट्ट. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली. मग घडी घालून चालत कारखान्याच्या फाटकावर गेले. ‘सायबांला द्या,’ ते वॉचमनला म्हणाले, ‘आतली पांढरी बाजू तेवढी माझी हाय.’

त्या सोमवारी साहेब नव्हते; अण्णा शाल घेऊन परतले. पुढच्या सोमवारीही नव्हते. चिमणी चालूच आहे, आणि अक्का आता आतल्या बिनखिडकीच्या खोलीत उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. अण्णांना हसायचं मी सोडून दिलं आहे. गेल्या सोमवारी गाडी अंगणातच ठेवून मीही त्यांच्यासोबत चालत गेलो. फाटकापाशी त्यांनी शाल माझ्या हातात दिली.

‘आज तुमी बोला, पाव्हणं,’ ते हळूच म्हणाले. ‘मी बोलाया लागलो की मला वाटतं, माजंच कायतरी चुकलं आसंल.’