काकाजींच्या निम्म्या गोळ्या

काकाजींनी उभ्या आयुष्यात एकट्याने काही खाल्लं नाही. एसटीत केळं सोललं तरी अर्धं शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात जायचं. "एकट्याचा घास नरड्यात अडकते," म्हणायचे. जानेफळात त्यांचा भाजीचा मळा होता. पहिला तोडा बाजारात जायच्या आधीच गल्लीत संपायचा. काकी कपाळावर हात मारून घ्यायची. आम्हां पुतण्यांना या सवयीचं भारी कौतुक होतं. आता मला ते उरलेलं नाही.

स्वादुपिंडाचा कॅन्सर कळला तेव्हा तो यकृतात पोचला होता. शहरातल्या दवाखान्यात एक चाचणी चालू होती. हिवतापाची जुनी गोळी केमोसोबत दिली तर जास्त गुण येतो का, हे पाहायचं होतं. निम्म्या रोग्यांना गोळी, निम्म्यांना नुसती केमो, निवड संगणकाची. काकाजींना गोळी मिळाली आणि मी देवापुढे साखर ठेवली. काकाजी मात्र डॉक्टरांवरच घसरले, "एका पंगतीत दोन वाढप काऊन हो साहेब?"

"त्याशिवाय गोळीचा गुण कळणार कसा?" डॉक्टर म्हणाले. काकाजींना ते काही पटलं नाही.

केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर धामणगाव बढ्याचे एक निवृत्त मास्तर असायचे. आजार तोच, पण त्यांना गोळी नव्हती. काकाजींना रोज दोन. ते "घेतल्या" म्हणायचे आणि मी वहीत लिहायचो. तिसऱ्या महिन्यात रक्तात औषध फारच कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं तर काकाजी शांतपणे म्हणाले, "रोज एक मी खाल्ली, एक जपून ठेवली अन् केमोच्या दिवशी शेजाऱ्याले देली. नाव इचारू नका." मास्तर तिथेच खाली मान घालून बसले होते.

काकाजींचं नाव चाचणीतून निघालं, गोळी बंद झाली. परतीच्या एसटीत माझा तोल गेला. "काकाजी, तुमच्या जिवाचा सवाल होता!"

"अन् त्याच्या नव्हता काय बे?"

दोन महिन्यांत काकाजी गेले. तेरवीला मास्तर काठी टेकत आले. रुमालात बांधलेल्या गोळ्या त्यांनी काकीपुढे ठेवल्या. सगळ्या.

"त्याईच्या वाट्याच्या होत्या, वहिनी. ते हातात ठेवत, नाही म्हनवत नव्हतं. पन खाववल्या नाहीत."

मग पहिल्याच दिवशी परत का नाही केल्या? गोळीने काकाजी वाचले असते का, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पण दोघांच्या चांगुलपणात ती दुसरी गोळी कुणाच्याच पोटात गेली नाही, याचा राग मला आजही गिळता येत नाही.

पंगत बसली. काकीने मास्तरांना माझ्या शेजारी बसवलं. मी माझं पान उचललं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. काकाजींच्या घरात असं करणारा मी पहिलाच.