टाकीभोवती डावीकडून

माझा उजवा खुबा बदलला तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली होती आणि आता निवांत हिंडायचं असं ठरवलं होतं. हिंडायचं कुठलं! स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत जायचं तरी मधे खुर्ची लागायची. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, सांधा उरलाच नाही, बदलायचा. पोंगल झाल्यावर ऑपरेशन झालं.

ऑपरेशनचं मला काही वाटलं नाही. चीड आली ती नंतरच्या नियमांची. पायावर पाय टाकायचा नाही. काटकोनाच्या पुढे वाकायचं नाही. खाली बसायचं नाही. झोपताना दोन पायांत उशी. कमोडवर आणखी एक प्लास्टिकची उंच बैठक, म्हणजे सिंहासनच. आणि रोज सकाळी व्यायाम शिकवायला एक तरतरीत मुलगी, फिजिओथेरपिस्ट. ती मला आंटी म्हणायची आणि माझ्या सासूबाईंना अम्मा. तमिळमध्ये "ओन्नु, रेंडु, मूणु" मोजत ती माझा पाय बाजूला न्यायला लावायची. दहा झाले की मी सुटकेचा निःश्वास टाकायची, आणि ती गोड हसून पुन्हा ओन्नुपासून सुरू करायची.

सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या. सासरे गेल्यावर मिरजेचं घर बंद करून आमच्याकडे इकडे तमिळ मुलखात, नंगनल्लूरला आल्या त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत तमिळ म्हणून त्या तीनच शब्द शिकल्या: हो, नको आणि पुरे. तेवढ्यावर त्यांचं छान चालायचं, कारण बाहेर जायचं ते एकाच ठिकाणी. दोन गल्ल्या सोडून गणपतीचं छोटं देऊळ होतं. तिथे रोज सकाळी अकरा प्रदक्षिणा. काचबिंदूनं त्यांची बाजूची नजर गेली होती. समोरचं दिसायचं, पण डावी-उजवीकडून येणारी स्कूटर दिसायची नाही. म्हणून मी बरोबर जायची. मी काही देवभोळी नाही. त्या फिरायच्या आणि मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून पेपर वाचायची. पण बारा वर्षं, आधी बँकेत जायच्या आधी आणि शेवटी शेवटी लंगडत का होईना, रोज नेलं, हे मात्र मी माझ्याच तोंडानं सांगून घेते.

आता मी घरी बसले आणि त्यांचं देऊळही सुटलं. आमचे हे सात वाजता गिंडीच्या कारखान्यात जाणारे, रात्री आठला परतणारे. एका रविवारी त्यांनी आईला नेलं. वीस मिनिटांत दोघं परत. "देवळात जायचं म्हणजे हजेरीपटावर सही करायची वाटतं ह्याला," म्हणून सासूबाई दिवसभर धुसफुसत होत्या. शेजारच्या तमिळ मामी न्यायला तयार होत्या. "त्या बिचारीशी वाटेत बोलू काय मी?" म्हणून त्यांनाही नकार. आणि मग आमच्यासमोर साळसूदपणे म्हणायचं, "माझं काही अडत नाही हो. देव घरातही आहे." एवढं म्हणून खिडकीशी जाऊन बसायच्या. रस्त्यावरचं त्यांना धड दिसत नव्हतं, तरी बसायच्या. मला ते बघवायचं नाही. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्या समजूतदारपणे वागत होत्या, आणि आमच्या घरात ते फार विचित्र वाटायचं.

म्हणून मी फिजिओच्या पोरीला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "देवळात कधी जाऊ?"

"देवळात काय करता?" तिनं विचारलं.

"सासूबाई प्रदक्षिणा घालतात. आता नजर आणखी गेलीय, मला त्यांच्या बरोबर फिरायला लागेल. आत तेलातुपाचे दगड आहेत, एकट्या फिरल्या तर पडतील."

तिनं माझा उजवा पाय हातात धरला आणि समजावलं. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं. ऑपरेशन झालेला उजवा पाय जमिनीवर रोवून अंग उजवीकडे वळवलं की नव्या सांध्याला पीळ बसतो. तो निखळू शकतो. तीन महिने पूर्ण होईपर्यंत वळायचं ते डावीकडे, छोटी पावलं टाकत. देऊळ नाही. मी सासूबाईंना हे मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." पुन्हा तोच समजूतदारपणा.

महिन्याभरानं मी जिना चढायला शिकले. वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा आधी. आमचा रस्ता म्हणजे खड्डे, कुत्री आणि दूधवाल्यांच्या सायकली, त्यामुळे चालायला गच्ची ठरली. गच्चीच्या मध्यावर सिमेंटची चौकोनी पाण्याची टाकी. तिच्याभोवती फिरायचं, टाकी डाव्या हाताला ठेवून. साडेसहाला ऊन चढायच्या आत मी वॉकर घेऊन वर जायची. सासूबाई कठडा धरून माझ्या मागे यायच्या, माझ्यावर लक्ष ठेवायला म्हणून. त्यांच्यासाठी वर एक खुर्ची कायमचीच ठेवली होती.

पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली नाही तोच त्या ओरडल्या, "अगं, उलट काय फिरतेस?"

"आई, डावीकडेच वळायचंय मला. सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"वळ ना. पण मधे काहीतरी ठेवून डावीकडून फिरायचं म्हणजे... चितेभोवती फिरतात तसं. मडकं घेऊन."

"आई, ही पाण्याची टाकी आहे."

"टाकी का असेना."

मी चिडले. एक तर घाम, त्यात वॉकरचा एक पाय वाकडा, त्यात सकाळी सकाळी स्मशान. "मग बघू नका," म्हटलं. त्यांनी खरंच खुर्ची फिरवली आणि नारळाच्या झाडाकडे तोंड करून बसल्या. पुढचे पंधरा दिवस हाच कार्यक्रम. मी उलट फिरतेय, त्या पाठ करून बसल्यात, आणि तरी दर दोन मिनिटांनी हाक: "आहेस ना गं?"

वॉकर जाऊन काठी आली आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. वॉकर म्हणजे चार पायांचं घर होतं. काठीला एकच पाय. त्यातच एका सकाळी कुणीतरी मोटर बंद करायला विसरलं होतं आणि टाकी भरून वाहिली होती. तिसऱ्या कोपऱ्यावर पाणी पसरलं होतं, ते मला वळता वळता दिसलं. मी थांबले, आणि मग पुढे पाऊलच उचलेना. मागेही जाता येईना. पडले तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा उशी, पुन्हा ते सिंहासन. आणि पुन्हा ती खिडकीशी बसलेली पाठमोरी म्हातारी. मी हाक मारली नाही. कुणाला मारणार होते?

सासूबाईंना माझ्या काठीचा टकटक आवाज थांबलेला कळला. त्या उठल्या. समोर हात पसरून, चाचपडत, सरळ माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "धर."

"आई, तुम्हाला दिसत नाही, मला चालता येत नाही. दोघी पडू."

"पडलो तर पडू. धर म्हणते ना!"

त्यांनी माझ्या डाव्या दंडाला धरलं आणि टाकीच्या बाजूनं पाऊल टाकलं. डाव्या हाताला टाकी, मधे त्या, बाहेरून मी. इंच इंच करत आम्ही ते पाणी ओलांडलं. मला वाटलं, आता त्या मला खुर्चीवर बसवतील. पण त्या थांबल्याच नाहीत. चौथा कोपरा वळल्या, आणि पुढची फेरी घेतली. पंधरा दिवस जिच्याकडे पाठ केली होती, तीच दिशा. त्यांचे ओठ हलत होते.

त्या दिवसापासून त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. पाच फेऱ्या, मग दहा, मग पंधरा. रोज माझा दंड धरून, रोज डावीकडून. मी एकदा विचारलं, "चालतं का हो आता?" तर म्हणाल्या, "तोंड चालवू नकोस, पाय चालव." मग मिरजेच्या गप्पा निघायच्या. त्यांच्या सासूनं त्यांचा कसा छळ केला, ते इतकं रंगवून सांगायच्या की मी हसून काठी टेकून उभी राहायची. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींशी इतकं बोललो नव्हतो. घरात कामाचं बोलणं असायचं, आणि भांडण. मला त्या फेऱ्या आवडायला लागल्या होत्या, हे मी फिजिओच्या पोरीला कळू दिलं नाही. तिनं लगेच वाढवल्या असत्या.

तीन महिने पूर्ण झाले. पोरीनं मला खोलीत चारही बाजूंना वळायला लावलं, पाय तपासला, आणि म्हणाली, "आंटी, आता कुठेही वळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. सासूबाईंनी ठेवणीतलं नऊवारी काढलं होतं. दोन गल्ल्यांना आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. मी त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूची नजर, त्या माझा आधार. आत मी त्यांच्याबरोबर तीन प्रदक्षिणा घातल्या, मग आतल्याच एका कट्ट्यावर टेकले. पायाला पुरे झालं होतं. त्या भिंतीला हात लावत पुढे फिरत राहिल्या. मी मोजत होते. अकरा झाल्या. त्यांनी नमस्कार केला, आणि पुन्हा निघाल्या.

"आई, झाल्या अकरा!"

"माहीत आहे."

बारा, तेरा, चौदा. घामानं त्यांचा पदर पाठीला चिकटला होता. सतराव्याला मी काठी आडवी धरून त्यांना अडवलंच. "आता कसल्या घालताय?"

"गच्चीवरच्या," त्या म्हणाल्या. "सहाशेच्या वर झाल्यात. मोजल्यात मी. रोज अकरा माझ्या आणि वीस त्या. उलटं फिरलेलं सरळ बाजूनं फिरलं की सुटतं."

म्हणजे ओठ हलत होते ते जप करायला नव्हे. मला हसू आलं, आणि रागही. "आई, किती वेळा सांगू, ती सिमेंटची टाकी होती. तुम्हाला कसलंही पाप लागलेलं नाही."

"माझं कुठे म्हणतेय मी?" त्या माझ्यावर खेकसल्या. "माझं मेलं काय व्हायचं राहिलंय आता? तुझ्या पायात राहायला नको काही." आणि माझी काठी बाजूला सारून पुढे गेल्या.

मी कट्ट्याशी तशीच उभी होते. माझी आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर माझ्या पायाची काळजी कुणी देवापुढे जाऊन केली असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. रडू आलं, ते येऊ दिलं. देवळातल्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कलांनी, दिव्यात तेल घालता घालता एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागले.

त्या वळसा घेऊन परत आल्या तशी मी त्यांचा हात धरला. अठरावी आम्ही दोघींनी घातली. सहाशे संपायला महिना लागला. असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण अठरावीपासून पुढची एकही मी त्यांना एकटीला घालू दिली नाही.