अस्सल म्हणून छापलेलं नाणं

आमच्या वरच्या मजल्यावरचे मीटरवाले तीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचत हिंडले. निवृत्त झाले आणि नाणीसंग्राहकांच्या मासिकात लेख लिहू लागले. स्वतःची नाणी जेमतेम बारा. दुसऱ्यांची आणायची, भिंगाखाली निरखायची, फोटो काढायचे, लेख लिहायचा आणि परत करायची. आता परक्याची चांदी तीन-तीन दिवस घरात ठेवणाऱ्या माणसाबद्दल चांगलं बोलणं माझ्यासारख्याला जरा जडच जातं.

दातांच्या डॉक्टरांचं जुनं चांदीचं नाणं त्यांनी असंच नेलं. दोन पानी लेख आला. डॉक्टरांनी तो चौकटीत घालून दवाखान्यात टांगला आणि नाणं विकायला व्यापाऱ्याकडे गेले. त्याने उलटसुलट पाहिलं, तोललं आणि म्हणाला, "ओतीव आहे. नक्कल."

"मी दिलं ते खरं होतं," डॉक्टर प्रत्येक पेशंटला सांगू लागले. आ वासलेला माणूस प्रतिवाद काय करणार? आठवड्यात सगळीकडे बोभाटा झाला. मीटरवाल्यांकडे नवे पडदे आलेत, ही माहिती मी पुरवली. कुणी विचारली नव्हती.

संपादकांचं पत्र आलं: खुलासा करा, नाहीतर सदर बंद.

पक्कड मागायच्या निमित्ताने मी वर गेलो. वहिनींनी सगळे खण जमिनीवर उपडे केले होते.

"या भावजी, तुम्हीही ते खरं नाणं शोधायलाच आलात ना?"

मीटरवाले एक चिठ्ठी हातात घेऊन बसले होते. नाणं नेण्याआधी मालकासमोर तोलायचं आणि वजनाखाली त्याची सही घ्यायची, हा त्यांचा नेम. चिठ्ठीवर दहा पूर्णांक दोन ग्रॅम, खाली डॉक्टरांची सही. संपादकांच्या पत्रासोबत आलेल्या व्यापाऱ्याच्या कागदावरही तेवढंच वजन होतं.

"म्हणजे दिलं तेच परत गेलं," मी म्हणालो. खरं सांगतो, थोडा हिरमुसलोच.

"मग दाखवा की चिठ्ठी," वहिनी म्हणाल्या.

"खरं नाणं अकराच्या खाली भरत नाही. मला पाठ आहे. तरी आकडा लिहिला आणि पुढे गेलो, मीटर वाचल्यासारखा. वर लेखात चार वेळा अस्सल म्हटलंय. चिठ्ठी छापली तर चोर नाही ठरणार, गाढव ठरेन."

"गाढवाबरोबर बत्तीस वर्षं काढलीत मी. चोराबरोबर एक दिवस काढणार नाही."

मीटरवाल्यांनी लिहिलं. चिठ्ठीच्या फोटोसकट, एकही सबब न सांगता. संपादकांनी जसंच्या तसं छापलं. सदर चालू ठेवलं. नावाखालचं 'नाणेतज्ज्ञ' तेवढं काढलं.

मग डॉक्टर जिना चढून आले. माझं दार उघडंच होतं, त्याला मी काय करणार?

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "पण मग मुळात खोटं होतं तर... लग्नात सासऱ्यांनी दिलं होतं हो ते."

"डॉक्टर," मीटरवाले म्हणाले, "त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल. लगेच बोलू नका कुणाला."

डॉक्टर मान डोलावून उतरले. पण चेहरा मी पाहिला ना. दात माझे ठणठणीत आहेत, तरी उद्या सकाळची वेळ घेऊन ठेवली आहे.