द्वार नसलेले चौकोन

केशोरीस मी पौरोहित्य करीत असे, त्या काळी एका शेतकरी घरातून मला बोलावणे आले. तलावात मूल बुडाल्यापासून त्या घरची सून मुकी झाली होती. ती उठून तलावाकडे चालू लागे, म्हणून सासूने तिला धान्याच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली होती. मी रोज तेथे स्तोत्रपाठ करावा, एवढीच अपेक्षा होती. पाठ संपेपर्यंत कडी लागलेली असे. तेवढा वेळ मीही कोंडलेलाच.

पूजेच्या पिठात तिचे बोट फिरताना पाहिले आणि मी पाठ थोडा आवरता घेऊन, भिंती पोतारण्याची पांढरी छुई कालवून तिच्यापुढे ठेवू लागलो. ती भिंतीवर चौकोन काढी. एकाला लागून दुसरा, सारे बंद. मला ती मंडले वाटली. परंतु मंडलास द्वारे हवीत. त्यांवाचून देवतेने प्रवेश कोठून करावा? एके दिवशी मी श्रद्धापूर्वक, ओल्या बोटाने, एक रेष मध्येच पुसून द्वार उघडले.

ती किंचाळली.

"पानी जाऊन राहिला ना, महाराज! बुजवा!"

दोन्ही तळव्यांनी ती फट लिंपू लागली. तेव्हा मला उमगले, की त्या बांध्या होत्या, बांधांनी वेढलेली धानाची शेते. नंतर तिने बांधीबाहेर एक लहान आकृती काढली आणि तिच्याकडे पाठ केलेली एक बाई. त्या बाईवर बोट ठेवून म्हणाली,

"बांध फुटला, तू जाय, म्हणे सासू. पोराले मी पाहतो, म्हणे."

सून बोलली, या आनंदात मी सासूला हाक मारली. ती आली. भिंतीपुढे पुष्कळ वेळ उभी राहिली.

"बोलली ना? झालं तुमचं काम. आता कायले येता, महाराज?"

दुसऱ्या दिवशी तरीही गेलो. सासू शेतावर होती. खिडकीच्या गजांतून पाहिले, तर भिंत शेणाने सारवलेली होती. सून आतून दाराशी येऊन बसली.

"महाराज, माझं चुकलं काय जी?"

"चित्रात?"

"नाही."

"नाही, पोरी. तुझे काही चुकले नाही."

ती हळूहळू रडू लागली. इतक्या महिन्यांत प्रथमच. कडी माझ्या हाताशी होती. परक्या घरची कडी, परक्या घरची सून, आणि नातू गमावलेली ती वृद्धा. तिच्यावर दोष ठेवण्यास माझी वाणी धजेना. मी दाराबाहेर बसून राहिलो. कडी मात्र काढली नाही.