कुर्माघरातले जास्तीचे दिवस

आमच्याकडे पाळीच्या बायका गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात. पाच दिवस. जेवण घरून येतं, पुरुष त्या वाटेला फिरकत नाही. शिकलेले लोक त्या झोपडीला नावं ठेवतात. मीही ठेवायचे. पण नवऱ्यापासून मला तिनेच वाचवलं, मग खोटं कशाला बोलू?

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला खाली पाण्याचे फोड आले. लघवीला बसले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा हर्पीज, नागिणीच्याच जातीचा. अंगातून कधीच जात नाही. मुंग्या यायला लागल्या की पाच दिवस गोळ्या घे, जखम वाळेपर्यंत नवऱ्याजवळ जाऊ नको, एरवीही निरोध वापरा. आणि त्यालाही घेऊन ये.

नवरा घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर. आठवड्याने घरी यायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मले काई झालं नाई. तूच कुठून आणलं ते सांग."

त्यानंतर मी तोंड शिवून घेतलं. फोड उठले की पाळी आली म्हणायचं, गोळ्या पदरात बांधायच्या आणि कुर्माघर गाठायचं. कधी कधी महिन्यात दोनदा. मला वाटायचं, काय डोकं चालवलं आपण!

पण तिथे बायकाच असतात, आणि बायका दिवस मोजतात. हिचं रक्त थांबत नाही, हिला मूल होणार नाही, अशी कुजबुज सासूपर्यंत गेली. तिने आधी मला पुजाऱ्याकडे नेलं, मग नवऱ्याचं दुसरं लग्न लावून दुसरी सून आणली. पंचविशीची, हसरी. मी हूं की चूं केलं नाही. उलट सुटले असं वाटलं, याची आज लाज वाटते. एका शब्दात तिला सावध करता आलं असतं. पण रोग मीच आणला असं गाव म्हणेल, म्हणून भ्याले.

चार महिन्यांनी ती कुर्माघरात आली. तिची पाळी आठवड्यापूर्वीच होऊन गेली होती. अंगात ताप, धड बसताही येईना. म्हणाली, "बाई, लघवीले लय आग होते. तुमाले बी असंच होत होतं का?"

मी हो म्हटलं आणि माझ्या गोळ्या दिल्या.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

आता आम्ही दोघी आळीपाळीने तिथे जातो. सासू तिसरी बघते आहे. येणाऱ्या तिसरीला आधीच सांगायचं असं आमचं ठरलंय, पण कोणी सांगायचं तेवढं ठरत नाही.