घुंगुरमाळेची जीप

मी कोरेगावची. कोरेगावच्या बायका तोंडानं फटकळ, असं माझ्या सासरी सगळ्यांचं ठाम मत होतं आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. फटकळ नसते तर आमच्या ह्यांच्याबरोबर माझा निभाव लागला नसता. हे फौजेत होते, पलटणीच्या गाड्यांची विजेची कामं करायचे. पेन्शनीत निघाल्यावर बाकीच्यांचे नवरे काळी ट्रंक घेऊन घरी आले, आमच्या ह्यांनी लिलावातली जीप आणली. पलूसजवळ मळ्यात आमचं घर, चारी अंगाला ऊस. त्या उसातनं जीप येऊन दारात थांबली तेव्हा मी भाकरतुकडा ओवाळायला उभी होते. तो माणसावरनं ओवाळावा की गाडीवरनं, हेच मला कळेना.

वर्षभर जीपचं कौतुक झालं. मग पेट्रोलचा भाव भडकला आणि ती गोठ्याशेजारच्या छपरात जाऊन बसली. मागच्या सीटवर आमची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली. "चला, कुणाला तरी उपयोग झाला," मी म्हणायची. हे गप्प. गप्प माणसाच्या डोक्यात काय शिजतंय ते वेळेवर कळलं असतं, तर बायकांची निम्मी डोकेदुखी कमी झाली असती.

शिजत होतं ते असं, की इंजिन काढून टाकायचं आणि जीप बॅटरीवर चालवायची.

"पेट्रोल वाचवायला व्हय?" मी विचारलं.

"पेट्रोलचं ऱ्हाऊ दे. आयेसाठी."

आये म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणायची. आत्तींना कुठल्याही इंजिनाचा वास सोसत नसे. मोटार लांबून दिसली तरी पदर नाकाला. एकदा कडेगावपर्यंत मोटारनं गेल्या, तर उलट्या होऊन रस्त्यातच निपचित पडल्या. तेव्हापासून 'मोटारीचं नाव काढू नका' म्हणाल्या ते म्हणाल्याच. त्यांचं माहेर कडेगावच्या पलीकडं, माळावरच्या कोरड्या मुलखात. आधी बैलगाडीनं जायच्या, पण पुढं कंबर धरली आणि गाडीचे हिसके सोसेनात. मग दर भाऊबीजेला त्यांचे थोरले भाऊ, आमचे मामा, बैलगाडी जुंपून इकडं यायचे. आत्ती ओवाळायच्या, मामा दोन दिवस राहायचे, दोघं ओट्यावर बसून मेलेल्या म्हशींच्यासुद्धा आठवणी काढायचे.

त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला निरोप आला. मामा विहिरीच्या पायरीवरनं पडले होते, खुबा मोडला होता. डोळ्यांनी तर त्या वर्षातच दिसेनासं झालं होतं. आत्तींना ते बाय म्हणायचे. निरोप्या म्हणाला, "बायला सांगा म्हनालेत, औंदा याचं जमायचं न्हाई. म्होरंबी जमंल असं वाटत न्हाई."

आत्ती चुलीपुढं होत्या. "असू दे," एवढंच म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी करपवली. आत्तींच्या हातनं भाकरी करपलेली मी त्या घरात पहिल्यांदा बघितली. त्या 'असू दे'नंच ह्यांची झोप उडाली होती. भाऊबीजेच्या आत जीप चालली पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

माधवनगरच्या एका गिरणीत सुताच्या पेट्या ओढणारी बॅटरीची गाडी मोडीत निघाली होती. तिची मोटर ह्यांनी उचलून आणली. ती जीपच्या गिअरबॉक्सला जोडायला सांगलीच्या लेथवाल्याकडनं जाड लोखंडी चकती कातून घेतली. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या निवडून निवडून आणल्या आणि मागच्या सीटखाली ओळीनं बसवल्या. कोंबडीला घरातनं हुसकलं, ती चार दिवस माझ्यावर डोळे वटारून फिरत होती, जसं काही मीच नोटीस दिली.

इंजिन काढायच्या दिवशी अख्खी भावकी जमली. तीन वाशांच्या तिकाटण्याला साखळी बांधून ते वर ओढलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "आरं गड्या, काळीजच काढलं की हिचं! आता चालंल कशी?" ह्यांनी उत्तर दिलं नाही. मी दिलं. म्हटलं, "आवं, काळीज न्हाई म्हणून कुनी चालायचं थांबतंय व्हय? गावात बघा की जरा!" हे गालात हसले, मी बघितलं.

मग आत्ती आल्या. रिकाम्या बॉनेटात वाकून लांब श्वास घेतला. वास नाही. त्यांना ते खरंच वाटेना. "आन मग हिचा जीव कुठं हाय?"

ह्यांनी मागची सीट उचलून बॅटऱ्या दाखवल्या. "हितं हाय आये, ह्या डब्यांत."

आत्तींनी डब्यांना लांबूनच नमस्कार केला. ह्यांचं ते 'ह्या डब्यांत' पुढं आम्हाला चांगलंच भोवणार होतं.

जीप चालली, दसऱ्याच्या आसपास. चालली म्हणजे काय, एखादी म्हैस पाण्यात उतरावी तशी आवाज न करता छपरातनं बाहेर आली. मी अंगणात पाठमोरी धुणं वाळत घालत होते. मागं वळून बघते तर हात दीड हातावर जीप! मी किंचाळले, वर दोन शिव्याही दिल्या. हे इतके खूश झाले होते की शिव्या त्यांना आहेर वाटल्या असाव्यात.

पण तोच घोटाळा झाला. गाडीला आवाजच नाही म्हटल्यावर रस्त्यावरचं माणूस बाजूला होईना. पलूसच्या वाटेवर मेंढरांचा कळप आडवा आला. हे मागं, मेंढरं पुढं, सगळे एकाच चालीनं. मेंढक्यानं वळून बघितलं आणि कळवळून म्हणाला, "इंजान बंद पडलंया व्हय? ढकलू का जरा?" ह्यांनी हॉर्न दाबला. मेंढरं चारी दिशांना उधळली, निम्मी उसात शिरली. मेंढक्याची कळकळ तिथंच संपली. त्यानं ह्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि मेंढरं गोळा करता करता ह्यांची दुपार गेली.

दिवाळी आली. भाऊबीजेला सकाळी निघायचं ठरलं. आत्तींनी करंज्या स्वतः केल्या, मला हात लावू दिला नाही. एरवी शांत बाई, पण त्या दिवसांत छपरात जाऊन जीपशी बोलायच्या. "नेतीस न्हवं मला? नीट ने हां." मी ऐकायची आणि पदर तोंडावर धरून हसायची. खरं सांगायचं तर हसता हसता मला रडूही यायचं.

पाडव्याच्या सकाळी आमच्याकडं गोठ्यात शेणाचे पांडव मांडतात, जनावरं धुतात, शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात. आमच्या घरी एक जुनी घुंगुरमाळ होती, पितळी साखळीत ओवलेली. आत्तींच्या लग्नात मामा स्वतः गाडी हाकत त्यांना सासरी पोचवायला आले होते, तेव्हा ती त्यांच्या बैलाच्या गळ्यात होती. बैल परत न्यावे लागले, पण जाताना मामांनी माळ काढून आमच्या दारच्या खुंटीला अडकवली. "ही ऱ्हाऊ दे बायपाशी," म्हणाले. वर्षातनं बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आणि पाडव्यालाच ती खुंटीवरनं उतरायची.

त्या पाडव्याला आत्तींनी बैलांना साध्या माळा घातल्या आणि ही माळ घेऊन छपरात गेल्या. माहेरी नेणारं जनावर ते, मान त्याचाच! बॉनेट तर रिकामं. जीव कुठं आहे ते लेकानं दाखवलं होतंच. त्यांनी सीट उचलली, डब्यांना हळदकुंकू वाहिलं आणि पितळी घुंगुरमाळ बॅटऱ्यांवर आडवी घातली.

फाडकन आवाज झाला. मी पळत गेले तर निळा जाळ, करपट धूर आणि आत्ती मागं कडब्याच्या पेंढ्यांवर बसलेल्या. ह्यांनी काठीनं माळ उडवली, तारा सोडवल्या. आत्तींना काही लागलं नव्हतं. दोन बॅटऱ्या मात्र कामातनं गेल्या, आणि माळेतलं एक घुंगरू वितळून साखळीला चिकटलं.

माझा तोल गेला. "आत्ती, बैलाला शिंगं असतात तसा ह्येला करंट असतोय! इचारायचं तरी हुतं!"

आत्तींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते चिकटलेलं घुंगरू बोटानं चाचपत राहिल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "नको जायाला. देवाच्या मनात न्हाई. दादाच्या माळंनंच वाट आडवली." घरात जाऊन त्यांनी करंज्यांचा डबा फडताळात वर ठेवून दिला.

हे पेंढ्यांवर बसले, तळव्यावर दोन करपलेले नट घेऊन. मग म्हणाले, "दोन कमी धरून जुळनी करतो. हळू जाईल. पर जाईल." माळ उचलली, पुसली आणि जीपच्या पुढच्या जाळीला तारेनं घट्ट बांधली. "हिला आवाज न्हवता. मला सुचलं न्हाई, आयेला सुचलं. जागा तेवढी चुकली."

मी फडताळातनं डबा काढला आणि आत्तींपुढं आदळला. "देवाच्या मनातलं तुमाला कवापासनं कळाय लागलं? तिकडं मामा बाजेवर पडल्यात. सकाळी न्हाई निघाला तर मी एकटी जाऊन ओवाळून येईन आन सांगीन, तुमची बाय घुंगराला भ्याली!"

आत्तींनी पदरानं डोळे पुसले. "लय वंगाळ तोंड हाय तुझं," म्हणाल्या, आणि डबा जवळ ओढून घेतला.

भाऊबीजेला निघालो. आत्ती पुढं गादीवर, नाकापाशी लिंबू धरलेलं. मी मागं, बॅटऱ्यांच्या डोक्यावर. घुंगरं छम छम करत होती आणि रस्त्यावरची माणसं आपोआप बाजूला होत होती. बैलगाडी समजून वळून बघायची आणि जीप बघून तोंड उघडं टाकायची. एका बाईनं तर डोईवरची पाटी खाली ठेवून हात जोडले. आम्ही सायकलवाल्याच्या थोडे पुढं, इतकाच वेग. पण आत्ती टक्क जागत्या बसल्या होत्या. "ही बघ चिंच," म्हणाल्या, "माझ्या लग्नात हितं वऱ्हाड थांबलं हुतं." त्या रस्त्यानं मोटारनं गेल्या तेव्हा तोंड पदरात होतं, चिंच दिसली नव्हती.

कडेगाव मागं पडलं आणि चढ लागला. जीप दमायला लागली. हे म्हणाले, "उतर."

"कोन, मी?"

"मग काय आये उतरंल?"

दिवाळीचं नवं लुगडं खोचून मी मागनं जीप ढकलली. आयुष्यात मी बैलाचं काम केलं ते तेवढंच, आणि तेही बोलत बोलत. अर्ध्या चढावर जीप थांबली. घुंगरंही थांबली. समोर टेकाडाच्या पलीकडं मामांचं गाव. आत्तींनी तिकडं बघितलं आणि करंज्यांचा डबा पोटाशी धरला.

ह्यांनी चाकाला दगड लावला आणि कडुलिंबाखाली बसकण मारली. "दम खाऊ दे तिला. बॅटरी थांबली की जरा उभारी धरती."

"दम खाती?" आत्तींचा चेहरा उजळला. "मग जनावरच हाय की! मी सांगत हुते तर तुमी हसत हुता." त्यांनी हातातलं लिंबू माझ्या हातात दिलं. "घे गं. हेचं आता काय करू? वासच येत न्हाई कसला." आम्ही तिथंच दोन करंज्या खाल्ल्या. सावली सरकून पायांवरनं गेली तेव्हा हे उठले. जीप आधी कुरकुरली, मग हलली. मी ढकलत होते, कुणाकुणाचं नाव घेत होते ते आठवत नाही, आणि आम्ही माथ्यावर आलो. पुढं उतार होता. मी पळत जाऊन मागं चढले.

उतारावर घुंगरं मोकळी वाजायला लागली. मामांचं घर गावाच्या तोंडालाच. सोप्यात बाजेवर मामा पडलेले, तोंड भिंतीकडं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही येऊ शकलो नाही तर त्यांचा जीव तुटेल, म्हणून निरोपच धाडला नव्हता.

जीप अंगणात येऊन थांबली. इंजिनाचा आवाज नाही, वास नाही, नुसती घुंगरं. मामांनी भिंतीकडचं तोंड वळवलं, मान उचलली.

"माळ माझीच हाय," म्हणाले. "एक घुंगरू बोलत न्हाई वाटतं. पर माळ माझीच." आणि मग आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "बाय आली माझी! आरं, बघत काय ऱ्हायलाय, बैलं सोडा की! आधी पानी दावा त्यास्नी!"

मी तोंड उघडलं. मामा, बैलं न्हाईत, बॅटरी हाय, असं सांगायला. आत्तींनी माझा हात दाबला. त्या सोप्यात गेल्या, बाजेवर बसल्या, मामांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"व्हय दादा," म्हणाल्या. "लय लांबनं आल्यात. तानली असतील."

आमचे हे विहिरीवर गेले, बादली भरून आणली आणि जीपच्या तोंडाशी ठेवली.